ससा आणि सिंहाची गोष्ट सांगताना या चुका टाळा

ससा आणि सिंहाची गोष्ट माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. तरी ती सांगून झाली की मुलं बऱ्याचदा नुसती ‘बरं’ म्हणतात आणि उठून जातात. याचं कारण आपण त्यांना दोन मिनिटांत विहिरीवर नेतो, सिंहाला आत ढकलतो आणि मोकळे होतो. या गोष्टीतला ससाही एक गोष्ट सांगतो आणि तिच्या जोरावरच तो वाचतो. ती त्याने कशी रचली, नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

पहिली चूक सुरुवातीलाच होते: ‘एक होता हुशार ससा.’ मग पुढे धाकधूक उरतच नाही. पंचतंत्राच्या प्रचलित पाठात पाळी आलेला ससा घाबरलेला आहे. तो रमतगमत नाही, पाय ओढत निघतो. वाटेत विहीर लागते, तो आत डोकावतो आणि त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं. युक्ती त्याला तिथे सुचते. हा क्षण गाळू नका. ससा डोकावला की तुम्हीही दोन क्षण गप्प बसा. एखादं मूल आपणहून ओरडतं, ‘कळलं मला!’ त्याला ओरडू द्या.

सगळ्यात मोठी चूक मात्र सशाच्या तोंडी घातलेल्या वाक्याची. ‘महाराज, वाटेत दुसरा सिंह भेटला म्हणून उशीर झाला,’ एवढंच आपण सांगतो. एवढ्यावर कोण विश्वास ठेवील? मूळ ससा भासुरक नावाच्या या सिंहाला काय म्हणतो पाहा. मी पडलो लहान, म्हणून प्राण्यांनी माझ्यासोबत आणखी ससे दिले, आम्ही पाच जण निघालो होतो. वाटेत एका मोठ्या बिळातून दुसरा सिंह बाहेर आला. म्हणाला, या वनाचा राजा मी, तुमचा तो भासुरक चोर आहे. चार ससे त्याने ओलीस ठेवले आणि मला तुम्हाला बोलवायला धाडलं.

उशीर का झाला आणि ताटात एवढासाच ससा का आला, या सिंहाच्या दोन्ही शंका एका दमात मिटल्या. वर ‘चोर’ हा शब्द त्याच्या जिव्हारी लागला. शिवाय ससा पुढे त्याला अडवतोही: तो किल्ल्यात राहतो, त्याला जिंकणं अवघड आहे. असं म्हटल्यावर मानी सिंह मागे हटेल का? हा भाग घाईने वाचू नका, सशाच्या आवाजात, हात जोडून सांगा.

सिंहाला मूर्ख करू नका. तो दिवसभराचा उपाशी आहे, संतापलेला आहे, जिभल्या चाटतो आहे. खरे सिंहही डरकाळी फोडून आपली हद्द राखतात, परक्याची डरकाळी ऐकली की सावध होतात. विहिरीत तो गरजतो आणि आतून दुप्पट आवाज येतो. फसायला एवढं पुरेसं आहे.

शहरातल्या मुलाने विहीर पाहिलेलीच नसते, तिथे गोष्ट अडते. स्वयंपाकघरातला रिकामा हंडा घ्या आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मुलाला गुरगुरायला लावा. आवाज घुमून परत आला की त्याचे डोळेच सांगतात. मग काळ्या बुडाच्या भांड्यात पाणी घालून त्यात तोंड पाहायला सांगा.

‘पण ससा खोटं बोलला ना?’ हा प्रश्न येतोच, आणि तो टाळणं मला अजिबात पटत नाही. ‘हो, बोलला’ असं सरळ सांगा. मोठ्या मुलांना त्यापुढचंही सांगा: पंचतंत्रात ही गोष्ट दमनक नावाचा कोल्हा करटक या दुसऱ्या कोल्ह्याला सांगतो. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री आपण बुद्धीने मोडू शकतो, हे त्याला पटवायचं असतं. सशाला जी युक्ती जीव वाचवायला लागली, तिचाच दाखला कोल्हा घात करायला देतो. दहा-बारा वर्षांची मुलं यावर तावातावाने भांडतात. मध्ये पडून निकाल देऊ नका. आणि शेवटी ‘तात्पर्य’ तर नकोच.

‘आणखी एक!’ म्हणून हट्ट झाला, तर याच जातीची एक गोष्ट मलाय-इंडोनेशियाकडे आहे. तिथला कांचिल म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या पिसोरीचा भाऊबंद, सशाएवढा चिमुकला, हरणासारखा प्राणी. त्याला नदी ओलांडायची असते आणि पाण्यात मगरी. तो म्हणतो, राजाचा हुकूम आहे, तुमची मोजदाद करायची, रांगेत उभ्या राहा. मग एकेक आकडा म्हणत त्यांच्या पाठींवरून उड्या मारत तो पैलतीर गाठतो. इथे चूक एकच होते, मोजणी आपणच करतो. ती मुलांना करू द्या.