पहिल्यांदाच डॅशहंड पाळताय? आधी दिवाणाची उंची मोजा

डॅशहंड घरी आणायचं ठरलं की आपण आधी बिछाना, भांडी, खेळणी घेतो. माझं सांगणं आहे, आधी दिवाणाची आणि सोफ्याची उंची मोजा. या कुत्र्याचे आखूड पाय ही वाढीतल्या एका जनुकीय बदलाची देणगी. तोच बदल मणक्यांमधल्या गाद्या लहान वयातच कडक करतो. अशी गादी उडी मारताना किंवा एरवीही फुटून मज्जारज्जूवर दाब आला, तर मागचे पाय लुळे पडू शकतात. साधारण दर 4-5 डॅशहंडांमागे एकाला कधी ना कधी हा त्रास होतो, बहुधा 3 ते 7 वर्षांच्या वयात.

पिल्लू निवडताना: आईला प्रत्यक्ष बघा. आई-वडिलांना पाठीचा त्रास झाला होता का, हे स्पष्ट विचारा. पिल्लू 8 आठवड्यांचं होईपर्यंत आईजवळच राहू द्या. ठिपकेदार रंगाची भुरळ पडते, पण आई-वडील दोघंही तसेच ठिपकेदार असतील तर काही पिल्लं आंधळी किंवा बहिरी जन्मतात. तिथून पिल्लू घेऊ नका.

घर तयार करताना: दिवाणाला आणि सोफ्याला फळीचा उतार करून घ्या, वर जाड सतरंजी ठोका. गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय घसरतात, म्हणून त्याच्या रोजच्या वाटेवर चटया अंथरा. पहिल्या दिवसापासून उतारावरूनच चढ-उतार करायला लावा, कारण उडी मारायची सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात.

उचलताना: एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी. पुढचे पाय धरून लटकवत उचलायचं नाही. हे घरातल्या मुलांना आणि कौतुकानं धावत येणाऱ्या पाहुण्यांनाही दाखवा. मी तर दारातच सांगते, कुणाला वाईट वाटलं तरी चालेल. फिरायला नेताना गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीवरचा हार्नेस वापरा.

शी-शू शिकवताना धीर धरा. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्या आणि तिथल्या तिथे खाऊ द्या. ओरडलात तर तो सोफ्यामागे लपून करायला शिकेल. पावसाळ्यात खरी परीक्षा असते. पोट जमिनीपासून चार बोटं वर, त्यामुळे ओलं गवत त्याला नकोसं होतं. बाल्कनीत ट्रेची सोय आधीच करून ठेवा. बाहेरून आल्यावर पोट आणि पंजे पुसा, कानांत आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा. साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, तेव्हा त्या लशीबद्दल डॉक्टरांशी बोला. रेबीजची लस तर 3 महिन्यांच्या सुमारास द्यायचीच.

आवाजाची तयारीही ठेवा. जर्मनीत ही जात बिळात शिरून तिथल्या बिज्जू या जंगली प्राण्याशी झुंजायला घडवली गेली. ‘डाक्स’ म्हणजे बिज्जू, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. जमिनीखालून मालकाला ऐकू जावं असं ते भुंकणं, ते लिफ्टपर्यंत जाणारच. कुंडीतली माती उकरणं, पांघरुणात शिरून झोपणं, हाक ऐकूनही वासामागे जाणं, हे सगळं त्याच कामातून आलेलं आहे. त्याला शिक्षा करू नका. जुन्या चादरीत खाऊ लपवून शोधायला द्या, रोज दोनदा भरपूर चालवा. स्नायू बळकट राहिले की पाठीलाही आधार मिळतो.

वजनाच्या बाबतीत मात्र कठोर व्हा. लहान जातीचा डॅशहंड साधारण 5 किलोपर्यंत भरतो, त्यामुळे अर्धा किलोही पाठीला जड. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. आजीच्या ताटातला पोळीचा तुकडा तिच्याशी गोडीनं बोलून थांबवा. शिऱ्यातले बेदाणे, द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट तर विषारीच.

एवढं करूनही पाठ दुखू शकते. उचलताना केकाटणं, पाठीला बाक काढून उभं राहणं, उतार चढायला नकार, मागचे पाय लडबडणं, यातलं काहीही दिसलं तर मालिश करू नका, माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका. छोट्या पिंजऱ्यात किंवा खोक्यात आडवं ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. मागचे पाय हलतच नसतील, तर रात्र असली तरी सकाळची वाट बघू नका. शस्त्रक्रिया लागली, तर तिच्या यशासाठी एकेक तास महत्त्वाचा असतो. म्हणून पिल्लू आणण्याआधीच रात्री उघडा असणारा दवाखाना शोधून त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवा.