पायाच्या शिरांवरील इंजेक्शननंतर तपकिरी डाग? या चुका टाळा

स्क्लेरोथेरपीनंतर, म्हणजे औषध टोचून शिरा बंद करण्याच्या उपचारानंतर, काही आठवड्यांत जिथे शीर होती नेमक्या त्याच रेषेवर तपकिरी पट्टा उमटतो. शीर गेलीच नाही असं वाटून अनेक जण लगेच पुन्हा इंजेक्शन मागतात. तसं करू नका. औषधाने शिरेचं अस्तर सुजतं, तांबड्या पेशी भिंतीतून बाहेर झिरपतात आणि फुटल्यावर त्यांच्यातलं लोह हिमोसिडेरिनच्या रूपात त्वचेत साठतं. डाग मुख्यतः या लोहाचा असतो. डाग उजळवणारी हायड्रोक्विनोनसारखी क्रीम मेलॅनिन या त्वचेच्या नैसर्गिक रंगद्रव्यावर काम करतात, त्यामुळे इथे त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उलट क्रीम चोळून त्वचेचा दाह झाला, तर लोहाच्या डागावर मेलॅनिनचा काळपटपणा चढतो. सावळ्या त्वचेत हा धोका जास्त.

सगळ्यात महागात पडतं ते साकळलेल्या रक्ताकडे दुर्लक्ष. दोन आठवड्यांनी शिरेवरून हलकेच बोट फिरवून पाहा. दोरीसारखी कडक, दुखरी, जांभळट गाठ लागली, तर बंद झालेल्या शिरेत रक्त अडकलेलं असू शकतं. ते जितके दिवस आत राहील, तितकं लोह झिरपत राहतं. डॉक्टर साधारण 2 ते 4 आठवड्यांच्या दरम्यान 21 किंवा 22 गेजच्या सुईने छिद्र करून काळपट, घट्ट रक्त दाबून काढतात. दुखणंही बहुधा तिथल्या तिथे कमी होतं. हे घरी करायचं काम नाही. म्हणून पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका.

काही चुका इंजेक्शनच्या आधीच होतात. वर मोठ्या शिरेत रक्त उलटं येत असेल आणि फक्त खालचं जाळं बंद केलं, तर दाब तसाच राहतो आणि डागही वाढतात. आधी डॉपलर (शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी) करायची गरज आहे का, हे जरूर विचारा. अगदी बारीक शिरांना पोलिडोकॅनॉल हे शीर बंद करणारं औषध साधारण 0.25 ते 0.5 टक्के पुरतं. त्याहून तीव्र औषध किंवा जोराने दिलेलं इंजेक्शन भिंत फोडतं. मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, मात्र स्वतःहून कोणतंही औषध बंद करू नका. कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज (पायावर दाब देणारे घट्ट मोजे) सांगितलेले दिवस घाला, पायांवर ऊन घेऊ नका.

प्रत्येक रंगबदल हा लोहाचा डाग नसतो. सुई टोचल्याने उमटलेले निळे-हिरवट डाग दोन-तीन आठवड्यांत जातात. लाल, केसासारख्या नव्या शिरांचं जाळं उमटलं, तर तेही बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप ओसरतं. पण पांढरा पडलेला भाग काळा होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पोटरी सुजली किंवा दम लागला, तर थेट आपत्कालीन विभाग गाठा.

बहुतेक तपकिरी डाग 6 ते 12 महिन्यांत फिकट होतात. महिन्यातून एकदा, त्याच जागी आणि त्याच उजेडात फोटो काढा. रोज पाहून फरक कळत नाही. वर्षानंतरही डाग ठळक असेल तर क्यू-स्विच्ड किंवा पिको लेसरचा विचार करता येतो, पण आधी छोट्या जागेवर चाचणी करून घ्या.