नाशिकमधील घरच्या रीफ टाकीचे पाणी कसे सांभाळावे

नाशिकमध्ये रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ आणि समुद्री मासे यांची काचेची टाकी, ठेवणाऱ्याला समुद्र घरीच तयार करावा लागतो. महापालिकेच्या नळाचे पाणी शुद्ध करायचे, त्यात समुद्री मीठ विरघळवायचे आणि ते पाणी प्रवाळांना मानवेल अशा स्थितीत वर्षभर टिकवायचे, हे सारे काम आपल्याच हातून होते. कॅनमध्ये भरून मुंबईहून समुद्राचे पाणी आणण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. परंतु शहराच्या किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि गाळ मिसळलेला असतो, त्यामुळे तो मार्ग सोडून द्यावा. एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी: एखादा आकडा आदर्शापेक्षा थोडा कमी-जास्त असला तरी तो स्थिर असेल तर प्रवाळ तग धरतात, मात्र रोज हलणारा आकडा त्यांना सोसत नाही. पुढील सर्व प्रमाणे २०० लिटरच्या टाकीसाठी दिली आहेत.

पाण्याकडे वळण्यापूर्वी कायद्याविषयी सांगणे आवश्यक आहे. भारतीय किनाऱ्यावरील कठीण प्रवाळ, सी फॅन (पंख्यासारखे पसरणारे प्रवाळ) आणि समुद्री घोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये २००१ मध्ये संरक्षण मिळाले आहे, आणि ते विकत घेणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. समुद्रातून काढलेले प्रवाळाचे दगडही घेऊ नयेत; टाकीसाठी सिरॅमिकचे कृत्रिम खडक उत्तम काम देतात. माझ्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी, मशरूम कोरल आणि झोअँथस (दोन्ही कठीण सांगाडा नसलेले, प्रवाळवर्गीय जीव) एवढेच जीव आहेत, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने याहून अधिक घेऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. झोअँथस हाताळताना हातमोजे अवश्य घालावेत, कारण त्याच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे घातक विष असते.

पहिले पाऊल: शून्य टीडीएसचे पाणी

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे प्रमाण. गंगापूर धरणातून येणारे नळाचे पाणी पिण्यास चांगले असले तरी त्यात क्लोरीन असते आणि नायट्रेट, फॉस्फेट व सिलिकेट यांचे अंशही असू शकतात. सिलिकेटमुळे नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर तपकिरी शेवाळाचा थर चढतो. आपल्याकडील काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड आणि क्षारयुक्त असल्याने टाकीसाठी ते शक्यतो टाळावे.

स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी थेट वापरणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाण्याला चव राहावी म्हणून त्या यंत्रात टीडीएस ५० ते १०० च्या दरम्यान मुद्दाम राखलेला असतो, आणि काही यंत्रांत खनिजांचे वेगळे कार्ट्रिजही असते. टाकीसाठी सेडिमेंट फिल्टर, कार्बन फिल्टर, आरओ मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन (उरलेले क्षार ओढून घेणारे दाणे) अशी मांडणी हवी. कार्बन फिल्टर वेळेवर बदलावा, कारण क्लोरीन पुढे गेल्यास मेम्ब्रेन खराब होते. पावसाळ्यात नळाचे पाणी गढूळ येऊ लागले की सेडिमेंट फिल्टर लवकर भरतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तो दर पंधरवड्याला उघडून पाहावा. बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस शून्य असावा, आणि मीटरवर १ किंवा २ दिसू लागताच रेझिन बदलावे. आरओने टाकून दिलेले पाणी फरशी पुसण्यासाठी वापरता येते, आणि उन्हाळ्यात तर ते वाया घालवूच नये.

पाणी साठवण्यासाठी खाद्यपदार्थांना चालणारा प्लास्टिकचा ड्रम घ्यावा. तांब्या-पितळेची भांडी आणि पितळी तोट्या या पाण्याच्या जवळही येऊ देऊ नयेत, कारण तांब्याचा सूक्ष्म अंशही प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायी यांना मारक ठरतो.

दुसरे पाऊल: मीठ विरघळवणे आणि क्षारता मोजणे

स्वयंपाकाचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट ठरलेल्या प्रमाणात असतात. म्हणून रीफसाठीचे तयार मीठच घ्यावे. २० लिटर शुद्ध पाण्यात छोटा पंप फिरता ठेवून सुमारे ७०० ग्रॅम मीठ थोडे थोडे टाकत जावे. नेहमी पाण्यात मीठ घालावे, मिठावर पाणी ओतू नये, कारण त्या दाट द्रावणात कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते आणि पुन्हा विरघळत नाही. पाणी पूर्ण नितळ होऊन टाकीच्या तापमानाला आले की क्षारता, म्हणजे पाण्याचा खारटपणा, मोजावी.

त्यासाठी प्रकाशाच्या अपवर्तनावरून खारटपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरावा. त्याच्या काचेवर पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण अलगद टेकवावे, खाली बुडबुडा अडकला नाही ना ते पाहावे, अर्धा मिनिट थांबावे आणि मग उपकरण खिडकीच्या उजेडाकडे धरावे. वरचा निळा आणि खालचा पांढरा भाग जिथे मिळतात ती रेघ ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) असली पाहिजे. शुद्ध पाण्याने शून्यावर जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या आसपास चुकीचा आकडा दाखवू शकतो, म्हणून ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तो महिन्यातून एकदा जुळवावा. असे द्रावण घरीही करता येते: ३६.५ ग्रॅम मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात काटेकोर तोलून विरघळवले की त्याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्रजलाइतका येतो, आणि एवढ्यापुरते स्वयंपाकाचे मीठ चालते.

तिसरे पाऊल: जिवाणूंना वेळ देणे

माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकांवर स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या काळात एकही मासा न सोडता अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) न्यावा, दिवे बंद ठेवावेत आणि एक दिवसाआड चाचणी घ्यावी. घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपून नायट्राइटही शून्य दिसू लागले की टाकी तयार झाली असे समजावे. ही वाट पाहणे फार जिवावर येते, तरीही ती पाहावी.

चौथे पाऊल: उडालेल्या पाण्याची भरपाई

नाशिकच्या रीफ टाकीचे खरे दुखणे येथे आहे. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पंखा लावलेल्या टाकीतून दिवसाला चार लिटर पाणी सहज उडते, परंतु मीठ मात्र जागीच राहते. एका दिवसात क्षारता ३५ वरून ३५.७ वर जाते. म्हणून भरपाई नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्यानेच करावी.

काही वर्षांपूर्वी मी मे महिन्यात लग्नासाठी चार दिवस बाहेरगावी गेलो. शेजारच्या काकूंना काचेवरची रेघ दाखवून तिथपर्यंत पाणी भरायला सांगितले. पण गोड्या आणि खाऱ्या पाण्याचे दोन सारखेच ड्रम शेजारी ठेवून त्यांवर काहीच लिहिले नव्हते, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. काकूंनी रोज न चुकता खारे पाणी भरले. परत आलो तेव्हा क्षारता ३८ च्या जवळ होती, झोअँथसचे सारे तोंड मुठीसारखे मिटलेले होते आणि मासे कोपऱ्यात स्तब्ध होते. सगळे एका दिवसात दुरुस्त करण्याचा मोह आवरून मी रोज तीन लिटर खारे पाणी काढले आणि तेवढेच गोडे पाणी थेंबाथेंबाने सोडले. पाच दिवसांनी आकडा ३५ वर आला, आणि आठव्या सकाळी झोअँथसची पहिली हिरवी कडा उघडलेली दिसली. तेव्हापासून ड्रमच्या झाकणांवर ‘गोडे’ आणि ‘खारे’ असे ठळक लिहिलेले आहे आणि भरपाईचे काम फ्लोट व्हॉल्व्हकडे (पातळी उतरताच आपोआप पाणी सोडणाऱ्या तरंगत्या झडपेकडे) सोपवले आहे.

पाचवे पाऊल: तापमान

पाणी २५ ते २६ अंशांवर राखावे. मे महिन्यात बाहेरचा पारा ४० अंशांजवळ जातो, आणि पाणी तापले की त्यातील प्राणवायूही कमी होतो. हवा कोरडी असताना पृष्ठभागावर वारा घालणारे दोन छोटे पंखे पाणी दोन-तीन अंशांनी उतरवतात. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर मात्र त्यांचा उपयोग घटतो, म्हणून ज्यांच्या घरात मुळातच उकाडा असतो त्यांनी चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, विचार करावा. थंडीत, विशेषतः निफाडकडे पारा पाच अंशांखाली जातो त्या दिवसांत, हीटर हवाच. २०० वॉटच्या एका हीटरऐवजी १०० वॉटचे दोन घ्यावेत. एक चालू स्थितीत अडकला तरी पाणी धोक्याच्या पातळीपर्यंत लवकर तापत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा सांभाळून घेतो.

सहावे पाऊल: चाचण्या आणि दुरुस्ती

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळी, चाचणी घेऊन आकडे वहीत लिहावेत. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता; डीकेएच हे तिचे एकक) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम, नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम या मर्यादा ठेवाव्यात. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा अट्टाहास करू नये, कारण प्रवाळांनाही पोषण लागते आणि रिकाम्या पाण्यात डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जीवांचा तपकिरी, चिकट थर माजण्याची शक्यता वाढते. हे आकडे वाढत असतील तर औषध शोधण्याआधी खाद्य कमी करावे आणि गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी फेकून द्यावे.

अल्कलिनिटी कमी झाल्यास खाण्याचा सोडा वापरता येतो. बेकिंग पावडर नव्हे. २०० लिटरमध्ये ६ ग्रॅम सोड्याने ती सुमारे १ डीकेएच वाढते. तो अर्धा लिटर शुद्ध पाण्यात विरघळवून पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडावा, आणि दिवसाला १ डीकेएचपेक्षा अधिक वाढ करू नये. मशरूम आणि झोअँथसच्या टाकीत कॅल्शियम फारसे खर्च होत नाही, त्यामुळे नियमित पाणीबदल पुरेसा ठरतो. न मोजता काहीही घालू नये.

पीएच ७.८ ते ८.४ च्या दरम्यान असला की त्याच्या मागे लागू नये. तो पहाटे सर्वांत कमी असतो, आणि थंडीत खिडक्या बंद राहिल्याने खोलीत साठलेला कार्बन डायऑक्साइड त्याला आणखी खाली ओढतो. दुपारी तासभर खिडकी उघडल्यास बहुधा फरक दिसतो. त्याच खोलीत मच्छर अगरबत्ती, डास मारणारे द्रव्य किंवा फवारा वापरू नये, कारण हवेचा पंप आणि स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारे यंत्र) खोलीतीलच हवा पाण्यात मिसळतात.

सातवे पाऊल: पाणीबदल आणि वीज

दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलावे. नव्या पाण्याची क्षारता आणि तापमान टाकीशी जुळल्याखेरीज ते ओतू नये. काढताना नळीने खडकांच्या फटींतील गाळ ओढून घ्यावा, आणि काचेच्या काठावर चढलेली मिठाची पांढरी खार ओल्या कापडाने पुसावी.

वीज गेल्यावर सर्वांत आधी पाण्याचा प्रवाह थांबतो आणि काही तासांत प्राणवायू संपू लागतो. म्हणून इन्व्हर्टरवर फक्त प्रवाहाचा पंप जोडावा, हीटर जोडू नये, आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा. टाकीखाली सम्प, म्हणजे गाळणीची उपकरणे ठेवलेली दुसरी टाकी, असेल तर वीज जाताच वरचे पाणी त्यात उतरते, आणि वीज परतल्यावर त्या वाढलेल्या पातळीत स्किमर फेसाळून त्याचा घाण पाण्याचा कप ओसंडतो. त्यामुळे आधी मुख्य पंप चालू करावा, सम्पमधील पाणी नेहमीच्या रेघेवर येऊ द्यावे आणि मगच स्किमरचे बटण दाबावे.