पन्नाशीनंतर एमटीबी (माउंटन बाईक): सोलापूरच्या उन्हात, काळ्या रानात आणि सराट्यांत

मागच्या रविवारी हिप्परग्याच्या तलावामागच्या पाणंदीतनं फिरून आलो आणि पुढच्या टायरमधले सराटे काढायला बसलो, तर मोजून सतरा निघाले. हातात नेलकटर, चष्मा कपाळावर, टायर नाकाला लावलेलं. बायको चहा घेऊन आली, बघितलं आणि म्हणाली, अहो चौपन्नचे झालात, आता तरी नीट डांबरी रस्त्यानं जावा की. म्हटलं डांबरीवर उसाच्या डबल ट्रॉल्या असतात, सराटा निदान टायरवरच भागवतो.

एक्केचाळीसाव्या वर्षी एमटीबी घेतली. तेव्हा आम्ही आठजण होतो, आता तिघं राहिलोय. बाकीच्या पाचात पाय थकले म्हणून सोडली असा एकपण नाही. दोघं पडले आणि परत बसायची हिंमत झाली नाही, एकाची कंबर गेली, दोघांनी "पावसाळ्यानंतर बघू" म्हणत तीन पावसाळे घालवले. त्यांच्याकडं बघून आणि स्वतः एकदा कॉलरबोन मोडून घेऊन जे कळलं ते लिहितोय. कुणी पंचेचाळीस-पन्नासला नव्यानं चालू करत असेल, नायतर माळ्यावरची सायकल खाली काढत असेल, त्याच्यासाठी.

दम थोडा कमी होतो, त्याचं काय एवढं नाही. खरी कमी होते ती भरपाई. चाळिशीत रविवारी तुळजापूरचा घाट मारून सोमवारी परत पाच वाजता तयार असायचो, आता तसं केलं की बुधवारपर्यंत गुडघे बोलत राहतात. म्हणून मी आता किती किलोमीटर झाले ते बघत नाही, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कसं वाटतंय ते बघतो. मांड्या धरलेल्या असतील तर पुढची राईड हळू, नायतर राईडच नाही, आणि हा नियम मोडला की तेवढ्यापुरतं काय होत नाही, महिन्यानं होतं.

आधी डॉक्टरचं उरकून टाकू. बरीच वर्षं बसून काढली असतील, घरात कुणाला हार्टचा त्रास असेल, बीपी-शुगर असेल तर चालू करायच्या आधी दाखवून घ्या, ते म्हणाले तर टीएमटी (पट्ट्यावर चालवून हार्टची तपासणी) करून घ्या. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर लांबच्या राईडमध्ये शुगर खाली जाऊ शकते, खिशात गुळाचा खडा पाहिजेच, आणि त्या दिवशीच्या डोसचं डॉक्टरला आधीच विचारून ठेवायचं. छातीत दाबल्यासारखं झालं, डावा हात किंवा जबडा दुखायला लागला, घेरी आली, तर "गॅस झाला असंल" म्हणून पुढं जायचं नाही. थांबायचं, फोन करायचा.

जोर किती लावायचा? हार्टचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके किती, त्यासाठी २२० वजा वय हा हिशोब सगळ्यांना पाठ असतो, माझा येतो १६६. दुसरा एक हिशोब आहे, २०८ मधनं वयाच्या ०.७ पट वजा, तो येतो १७०. दोन्ही अंदाजच आहेत, माणसागणिक दहा-बारा ठोके इकडं तिकडं असतात. आणि बीपीसाठी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके वरच जात नाहीत, मग घड्याळातल्या आकड्याला काय अर्थ नाही. त्यापेक्षा आपलं सोलापुरी माप बरं, सिद्धेश्वराच्या यात्रेतला जयघोष. चढावर पेडल मारता मारता "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" एका दमात म्हणता आलं पाहिजे. आलं तर आरामात चाललंय. "भक्तलिंग"लाच दम तुटला तर जोरात चाललंय. आठवड्यातली बहुतेक राईड पहिल्या प्रकारची पाहिजे, दम तोडणारी एकच, ती पण वीस-पंचवीस मिनिटांची. आमचे लोक बरोबर उलटं करतात, रोज मध्यम जोरात, ना आराम ना मेहनत, आणि मग म्हणतात वयामुळं सुधारणाच होत नाही.

माझा आठवडा सांगतो. मंगळवारी तासभर, त्यात चार-पाच जोराचे चढ. गुरुवारी अर्धा तास मैदानात नुसतं तंत्र. रविवारी लांब पण हळू, तीन तासाच्या आत. सोमवारी आणि शुक्रवारी व्यायाम. बुधवार-शनिवार चालणं, भाजी आणणं, काय नाही. दर चौथ्या आठवड्यात सगळं निम्मं. एवढं साधं आहे, पण निम्मा आठवडा पाळायला जेवढा जीव जातो तेवढा घाटात जात नाही.

व्यायामाचं मी पाच वर्षं टाळलं आणि ते चुकलं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, नुसत्या सायकलनं ते थांबत नाही. आणि सायकलवर अंगाचं वजन सीटवर असतं, हाडांवर पाहिजे तसा भार येत नाही, त्यामुळं वर्षानुवर्षं फक्त सायकलच चालवली तर हाडं मजबूत होतील असं समजू नका, आणि एमटीबीवाला कधीतरी पडणारच असतो. जिम नसली तरी चालतं. खुर्चीवरनं हात न लावता उठाबशा, भिंतीला टेकून पुशअप, दोन हातात दहा-दहा लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन गच्चीवर चकरा (पाणी भरायच्या दिवशी हे आपोआप होतं). आणि ज्वारीचं पोतं उचलतात तसं कंबरेतनं वाकून, पाठ सरळ ठेवून उचलणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण उतारावर सायकलवर शरीर नेमकं तसंच वाकवून ठेवायचं असतं. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आधी डावा मग उजवा. पहिल्या दिवशी मी बेसिन धरलं होतं.

खाण्यात प्रोटीन वाढवा. किलोमागे साधारण १.२ ग्रॅम धरलं तर माझ्या ७४ किलोला नव्वदच्या आसपास होतात, आणि नुसत्या भाकरी-आमटीत ते भरत नाहीत. अंडी, मटकी, दही, शेंगदाणे. शेंगाचटणी प्रोटीनच आहे असं म्हणून अर्धी वाटी तेलासकट खाणाऱ्या मित्रांना माझा नमस्कार.

आता माझ्या पडण्याचं. एकोणपन्नासला नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला. वरनं लांबचं, खालनं जवळचं. ऑफिसात एकदम झकास. त्याच आठवड्यात कालव्याच्या कडेनं जात होतो, समोर एक चारी आडवी आली, हातभर रुंद, अशा शंभर ओलांडल्या असतील. मी नजर खाली टाकली आणि खालच्या काचेतनं जमीन धूसर आणि जवळ दिसली, कारण ती काच पुस्तक वाचायच्या अंतराची असते, चाकापुढच्या जमिनीची नाही. ब्रेक उशिरा आणि नुसता पुढचा लागला, चाक चारीत, मी हँडलवरनं पलीकडं. वेग माणूस चालतो तेवढा. कॉलरबोन गेलं, सायकल दहा आठवडे बंद. रानातला एक आजोबा पळत आला आणि पहिलं वाक्य काय, "पाव्हणं, एवढ्या महागाची सायकल आणि ब्रेक न्हाईत व्हय?"

तेव्हापासनं राईडला फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा, मागं दोरीचा. फोन वाचता येत नाही, नाही आलं तर नाही. आणि नजर चाकापुढं नाही, दहा-पंधरा मीटर पुढं. खड्डा दिसला की तो लक्षात ठेवायचा आणि नजर पुढं न्यायची, चाक बरोबर जातं. खड्ड्याकडं बघत बसलं की चाक पण खड्ड्यातच जातं.

बाकी तंत्र थोडक्यात. उतारावर दोन्ही पेडल आडवी, एका पातळीत, ढुंगण सीटवरनं उचललेलं आणि थोडं मागं, कोपरं बाहेर, गुडघे सैल. ब्रेकवर एकच बोट, बाकी बोटांनी हँडल धरलेलं. पुढचा ब्रेक जास्त थांबवतो म्हणून त्याला घाबरायचं नाही, पण वळायच्या आधीच वेग कमी करायचा, वळणात नाही. मुरमाच्या वळणात पुढचा ब्रेक दाबला की चाक सरकलंच. गुरुवारी मी मैदानात दोन बाटल्या ठेवतो आणि त्याच्याभोवती जमेल तेवढ्या हळू आठचा आकडा काढतो. पोरं हसतात. हसू देत, हळू चालवणं हेच अवघड काम आहे.

आणि उतरायला लाजायचं नाही. शंका आली की उतरून ढकलायची. नेड ओव्हरएंड म्हणून अमेरिकन रायडर आहे, १९९० साली ड्युरँगोला पहिला क्रॉस-कंट्री वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हाच पस्तिशीचा होता, आणि २०१५ साली एकोणसाठाव्या वर्षी अमेरिकेची फॅट बाईकची (एकदम जाड टायरच्या सायकलीची) राष्ट्रीय स्पर्धा जिंकला. आपण ओव्हरएंड नाही हे मान्य. पण पन्नाशी म्हणजे शेवट नाही एवढं त्यातनं घ्यायला काय हरकत आहे.

सायकलीचं. पहिली सायकल एका दुकानदारानं मला एक नंबर मोठ्या फ्रेमची दिली, "काका, पाय पुरतात ना, मग झालं" म्हणून. पाय पुरत होते, हात पुरत नव्हते, आणि मान-खांदे दोन वर्षं दुखत राहिले. फ्रेम बघताना हँडलपर्यंतचं अंतर बघा, लांब वाटलं तर आखूड स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) टाकून घ्या, हँडल थोडं वर घ्या. करंगळी-अनामिका बधिर होत असेल तर तळहातावर भार जास्त येतोय, रुंद ग्रिप लावा आणि पकड बदलत राहा. खालच्या बाजूला बधिरपणा येत असेल तर सोसत बसायचं नाही, सीटचं नाक एक-दोन अंश खाली, मधनं खाच असलेली सीट, दर दहा मिनिटांनी उभं राहून दोन पेडल. पैसे खर्च करायचेच असतील तर कार्बन-बिर्बन सोडा, चांगले हायड्रॉलिक ब्रेक आणि ड्रॉपर पोस्ट घ्या. बटण दाबलं की सीट खाली जाते, उतारावर शरीर हलवायला जागा मिळते. या वयात याच्याएवढा उपयोगी पार्ट मला दुसरा दिसला नाही. मागं ५१ दातांचा मोठा गिअर असेल तर गुडघे आशीर्वाद देतील. चढावर जड गिअर रेटायचा नाही, हलका लावून पाय फिरवायचे.

आता आपल्या मातीचं, कारण परदेशी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. पावसानंतर काळ्या रानात लगेच शिरायचं नाही. वीस मीटरात टायरला एवढा चिखल धरतो की चाक फ्रेममध्ये अडकतं आणि सोळा किलोची सायकल खांद्यावर घेऊन चालावं लागतं, मागचा गिअर लटकतो तो हँगर तुटतो ते वेगळंच. शेतकरी वापसा यायची वाट बघतो ना, तशीच बघायची. माती हातात दाबली आणि चिकटायच्या ऐवजी भुरभुरली की निघायचं. तोवर मुरमाचे माळ आहेत, ते पावसानंतर उलट जास्त छान असतात. एप्रिल-मेमध्ये त्याच काळ्या रानाला भेगा पडतात, काही ठिकाणी पुढचं चाक मावेल एवढ्या. भेगेला समांतर कधीच जायचं नाही, आडवं ओलांडायचं. ज्वारी काढल्यावर राहिलेली धसकटं तर खिळेच, बांधावरनं जावा, आणि शेत कुणाचं आहे ते विचारून जावा.

नान्नजच्या माळढोक अभयारण्यात सायकल घालायची नाही. १९७९ पासनं ते राखीव आहे आणि माळावरचे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, चाकाला ते दिसत नाही. बाहेरच्या गाडीवाटा भरपूर आहेत.

सराटे आणि वेडी बाभूळ. ट्यूबवर चालवायची तर दर राईडला दोन पंक्चर धरून चाला. ट्यूबलेस करून घ्या, २९ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट (काट्याचं भोक आतनं बुजवणारं पातळ औषध), आणि आपल्या उन्हात ते लवकर वाळतं म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी टॉप-अप. रानात काटा दिसला तरी उपटायचा नाही, हवा धरून असेल तर तसंच घरी यायचं. हवा मी पुढं २२ आणि मागं २५ पीएसआय ठेवतो, ट्यूब असताना ३० ठेवायचो, कमी केली की दगडावर ट्यूब रिमखाली चिमटून पिंच पंक्चर व्हायची.

ऊन. मार्चपासनं जूनपर्यंत साडेपाचला निघून साडेआठला घरात. पारा चाळीसच्या वर जाणाऱ्या गावात नवाला माळावर असणं ही मर्दानगी नाही. वय वाढलं की तहान उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर पंधरा मिनिटांनी घोट. एक बाटली साधं पाणी, दुसरीत ओआरएस, एका लिटरला एक पाकीट, कमी पाण्यात नाही. बीपीवाल्यांनी मिठाचं आधी डॉक्टरला विचारा. खायला कडक भाकरीचा तुकडा नायतर शेंगदाण्याची चिक्की, आणि परत आल्यावर ताक.

वस्तीवरची कुत्री मागं लागली तर पळवायची नाही. उतरायचं, सायकल मध्ये धरायची, मोठ्यानं "हाड" म्हणायचं, मालक येतोच. एकटं जाणार असाल तर कुठल्या बाजूला चाललोय ते घरी सांगून जावा, फोन चार्ज, हेल्मेटला पर्याय नाही.

साठीच्या पुढं किंवा गुडघे गेलेले असतील तर पेडल असिस्टवाली (पेडल मारताना मोटर जोर देते अशी) ई-एमटीबी बघायला हरकत नाही. आमच्यातला एक अण्णा एकसष्टचा आहे, त्यानं घेतली तेव्हा आम्ही बरंच चिडवलं, आता चढावर तो वर थांबून आमचीच वाट बघत असतो आणि वरनं ओरडतो, "या बे लवकर, चहा थंड होतोय."

बरेच दिवसांनी परत चालू करणार असाल तर पहिल्या रविवारी बारा-पंधरा किलोमीटरच्या वर जायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी. हिप्परग्यापर्यंत जायचं, तलावावर बसायचं, परत यायचं. आणि घरी आल्यावर अंघोळीच्या आधी दोन्ही टायर एकदा हातानं चाचपून बघायचे, उजेडात, जवळचा चष्मा लावून.