कोंबडीच्या लिव्हर सेल्सवर स्टेरॉइड हार्मोन टाकताय? या चुका टाळा

"मॅडम, कॉर्टिकोस्टेरॉन कामच करत नाहीये, कंट्रोल आणि ट्रीटमेंटमध्ये फॅट सेम दिसतंय." दर बॅचला कोणीतरी हे वाक्य घेऊन येतंच. अरे, कॉर्टिकोस्टेरॉन म्हणजे कोंबडीचं ताणाचं हार्मोन, ते ठीक आहे, तुझा कंट्रोल (हार्मोन न दिलेल्या सेल्स) कंट्रोल नाहीये.

हिपॅटोसाइटच्या (लिव्हर सेल्सच्या) मीडियात, म्हणजे सेल्स वाढवायच्या द्रवात, डेक्सामेथासोन घालायची जुनी पद्धत आहे, सेल्स छान टिकतात म्हणून. पण तो पण ग्लुकोकॉर्टिकॉइडच (कॉर्टिकोस्टेरॉनच्याच रिसेप्टरवर बसणारं स्टेरॉइड), आणि कॉर्टिकोस्टेरॉनपेक्षा कितीतरी तगडा, म्हणजे रिसेप्टर आधीच गुंतलेले. आमच्याकडे एक मुलगा डोस वाढवत बसला, आधी १०० नॅनोमोलर, मग १ मायक्रोमोलर (मिलीला साधारण ३४६ नॅनोग्रॅम झालं, कोंबडी कितीही घाबरली तरी रक्तात एवढं नसतं), मग १०, आणि सेल्स सुटून तरंगायला लागल्या तेव्हा माझ्याकडे आला. प्रोटोकॉल मागितला तर कुठून तरी आलेली झेरॉक्स, त्यावर नुसतं "कम्प्लीट मीडिया". त्यात काय आहे? माहीत नाही. बनवला कोणी? सीनियरने. रजिस्टर काढलं तर डेक्सा १०० नॅनोमोलर, वर भरपूर इन्सुलिन, जे स्वतःच सेलला फॅट बनवायला लावतं.

माझी सवय सांगते. सेल्स चिकटेपर्यंत डेक्सा चालेल, मग धुवायचं, रात्रभर डेक्सा नसलेल्या मीडियात ठेवायचं, मगच हार्मोन. आणि इन्सुलिन असलेला, नसलेला, दोन्ही सेट लावायचे, कारण ग्लुकोकॉर्टिकॉइड फॅट किती वाढवणार हे बरंचसं इन्सुलिनवर ठरतं. रात्रभर थांबा म्हटलं की तोंडं वाकडी होतात, पण संध्याकाळीच ग्राफ हवा असेल तर हे काम तुमचं नाही.

कॉर्टिसॉल (माणसातलं ताणाचं हार्मोन) आणू नका, कोंबडीचं मुख्य ग्लुकोकॉर्टिकॉइड कॉर्टिकोस्टेरॉन आहे.

इस्ट्रोजेनवाल्यांनी फिनॉल रेड (मीडियातला रंग) नसलेला मीडिया आणि चारकोलने स्ट्रिप केलेला, म्हणजे हार्मोन काढून टाकलेला, सीरम घ्या, कारण फिनॉल रेडमधली अशुद्धी थोडी इस्ट्रोजेनसारखी वागते आणि सीरममध्ये तर हार्मोन असतातच. साध्या एलएमएच सेल्सवर (कोंबडीच्या लिव्हर कॅन्सरची सेल लाइन) इस्ट्राडायोल, म्हणजे इस्ट्रोजेन, टाकून "इफेक्ट नाही" म्हणू नका, त्यात रिसेप्टर पुरेसा नसतो, म्हणून तर रिसेप्टर घातलेली एलएमएच टू-ए लाइन काढली. आधी व्हायटेलोजेनिन (बलकाचं प्रोटीन) वाढतंय का बघा. नर पिलाच्या लिव्हरमध्येसुद्धा इस्ट्रोजेनने ते चालू होतं, तेवढंही दिसत नसेल तर पुढचे जीन बघण्यात वेळ घालवू नका.

हार्मोन ज्यात विरघळवता ते इथनॉल सगळ्या वेल्समध्ये (प्लेटच्या खळग्यांत) सारखंच, ०.१ टक्क्याच्या आत. कंट्रोलमध्येसुद्धा, हो.

उपाशी पिलाचं लिव्हर घेऊ नका, फॅट बनवणारे जीन आधीच पडलेले असतात.

आता माझा सगळ्यात जुना राग. ऑइल रेड ओ (फॅट रंगवणारा स्टेन) लाल दिसला की लगेच "लिपोजेनेसिस (फॅट बनणं) वाढलं" असं लिहून मोकळे. पक्ष्यांमध्ये नवीन फॅट मुख्यतः लिव्हरमध्येच बनतं, आणि इस्ट्रोजेन ते बनवायला लावतं तसं व्हीएलडीएल (रक्तातून फॅट नेणारे कण) करून बाहेर पाठवायलाही लावतं, अंड्याच्या बलकासाठी. गोदामात माल कमी दिसला म्हणजे कारखाना बंद असं होत नाही ना? सेलमध्ये दिसतं ते बनलं, गेलं आणि जळलं यातून उरलेलं. मी वापरलेला मीडिया कधीच फेकत नाही, प्रत्येक वेलचा वेगळा फ्रीझ करते आणि त्यातलं ट्रायग्लिसराइड पण मोजते, सेलच्या प्रोटीनने भागून. बनण्याबद्दलच बोलायचं असेल तर लेबल केलेलं अ‍ॅसिटेट (खूण लावलेला फॅटचा कच्चा माल) वापरा.

आणि मिथेनॉलने फिक्स करून "फॅट दिसत नाही" म्हणून येऊ नका, ते तुम्हीच धुतलंय. फॉर्मलिन घ्या, स्टेन त्याच दिवशी गाळा.