गोव्यात नवं बिऱ्हाड मांडताना

मिरज, सांगली, कोल्हापूरकडची मुलं कुंडईला नाहीतर वेर्ण्याला कारखान्यात नोकरीला लागतात, खोली घेतात, आणि पहिला पगार संपता संपता त्यांचा मला फोन येतो. "काकू, गोव्यात सगळंच महाग आहे हो." २००६ साली आम्ही मिरजेहून फोंड्याजवळ बिऱ्हाड आणलं तेव्हा मीही आईला हेच सांगितलं होतं. ते अर्धं खरं आहे. इथली बरीचशी भाजी बेळगावहून घाट उतरून येते, डाळी-कडधान्यं बाहेरून येतात, त्यामुळे मिरजेच्या मंडईचा भाव इथं मिळायचा नाही. पण उरलेलं अर्धं आपल्याच हातात असतं. हातातला फोन खरेदीच्या आधी वहीसारखा वापरायची सवय लागली की बाकीचं सोपं जातं. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते, आणि ते नीट सविस्तर सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी पत्ता. शहरातली सोसायटी सोडली तर गोव्यात पत्ता म्हणजे घर क्रमांक, वाडा (म्हणजे गावातली वस्ती), गाव, तालुका आणि पिनकोड. घर क्रमांक ओळीनं लागतील याचा भरवसा नाही, आणि देऊळवाडा, गावकरवाडा ही नावं गावोगाव सापडतात. आमचा घरपोच मागवलेला पहिला मिक्सर शेजारच्या गावातल्या त्याच नावाच्या वाड्यावर दोनदा फिरून परत गेला. तिसऱ्या वेळी घरमालकांच्या आईंनी मला जवळ बसवून पत्ता सांगितला. पहिल्या ओळीत तुमच्या नावापुढे घरमालकाचं नाव लिहा, कारण गावात घर माणसाच्या नावानं ओळखतात. मग खूण लिहा: देवळाची कमान, चॅपेल, खुरीस (म्हणजे क्रूस), तिठा, पसरकाराचं म्हणजे किराणावाल्याचं दुकान. नकाशावरची टाचणी घरात बसून लावू नका, फाटकाबाहेर उभं राहून लावा. हा सगळा मजकूर फोनमध्ये एका निरोपात साठवून ठेवा म्हणजे डिलिव्हरीवाल्यानं फोन केला की लगेच पाठवता येतो. तो "तुमचें घर खंय आसा?" म्हणाला तर गोंधळू नका, घर कुठं आहे एवढंच विचारतोय. "देवळाकडच्यान मात्शें फुडें येयात" (देवळापासून जरा पुढं या) इतकं कोंकणी आलं तरी पाऊण काम होतं. पत्ता चुकल्यामुळे परत गेलेल्या पार्सलपायी वेळ जातो, आणि त्या वेळात आपण तीच वस्तू जवळच्या दुकानातून जास्त पैसे देऊन आणतो.

आता महिन्याचं वाणसामान. पहिले दोन महिने काहीही ऑनलाइन मागवू नका असं मी सांगते. फोनमध्ये एक साधी यादी करा आणि जे आणाल ते वजन आणि भावासकट लिहीत जा: तूरडाळ किती, तेल किती, साबण किती. दोन महिन्यांनी तुमच्या घराचं खरं माप कळतं. आमच्याकडे तेव्हा कळलं की आम्हा चौघांना तेल जेमतेम साडेतीन लिटर लागतं आणि मी दर महिन्याला पाच लिटरचा डबा आणत होते, स्वस्त पडतो म्हणून. उरलेलं तेल मग तळणात जायचं.

माप कळलं की भाव ताडून बघा, पण एककानं. पाकिटावर किमतीजवळ दर ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात ते बारीक अक्षरात छापलेलं असतं. तेलाच्या बाबतीत ते वाचल्याशिवाय पिशवी उचलू नये. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. पण तितक्याच उंचीच्या, त्याच रंगाच्या पिशवीत कधी ८५० तर कधी ८०० ग्रॅमच असतं, आणि फोनच्या पडद्यावर दोन्ही चित्रं सारखीच दिसतात. चित्रावर बोट ठेवून मोठं करा, ग्रॅम वाचा, मग भाव. मी मुलीला हे दाखवलं तेव्हा तिनं पाच मिनिटांत आमच्या नेहमीच्या यादीतल्या चार वस्तूंत असाच फरक शोधून काढला. चहापूड, कपड्यांची पावडर, खोबरेल तेल, बिस्किटं. मोठं पाकीट स्वस्त पडतं हेही दर वेळी खरं नसतं.

पसरकाराला विसरू नका. आता बहुतेक जण व्हॉट्सॲपवर यादी घेतात आणि संध्याकाळी सामान घरी पोचवतात, निदान जवळ राहणाऱ्यांना तरी. ॲपवरचा भाव त्यांना दाखवून घासाघीस करू नये, ते बरं दिसत नाही. पण "महिन्याचं सगळं तुमच्याकडून घेईन, बिल एकदम देईन" असं सांगितलं की भाव आपोआप बरा लागतो. आमच्या फोंड्यात गोवा बागायतदार संस्थेची दुकानं आहेत, तिथला भाव एकदा बघून ठेवा. ऑनलाइन स्वस्त की महाग हे ठरवायला तो चांगला पाया होतो.

दहा-पंधरा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या सेवांबद्दल मला काळजी वाटते. शहरालगत राहणाऱ्या मुलांना त्यांची सवय फार लवकर लागते. दही संपलं, मागवलं. लिंबू हवं, मागवलं. दर वेळी डिलिव्हरीचे, हाताळणीचे, कधी लहान ऑर्डरचे, कधी पावसाचे पैसे. महिन्याच्या शेवटी ॲपमधल्या ऑर्डरींच्या यादीत जाऊन नुसत्या त्या शुल्कांची बेरीज करा. एका मुलानं माझ्यासमोर केली आणि तो गप्पच बसला. तेवढ्या पैशांत त्याचा महिन्याचा गॅस आला असता.

आणि पैसे भरण्याआधी शेवटचं पान सावकाश वाचा. न मागता टाकलेली देणगी, विमा, आपोआप चालू होणारी वर्गणी, "फक्त दोनच उरले" अशी घाई. अशा तेरा प्रकारच्या फसव्या मांडण्यांवर केंद्र सरकारनं २०२३ साली बंदी घातली आहे, तरी डोळे आपलेच उघडे हवेत.

आता पावसाचं सांगते, कारण घाटावरून आलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान इथंच होतं. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा ओल्या लागतात. ऑनलाइन सेलची धामधूम नेमकी ऑगस्टपासून सुरू होते. आमच्या दुसऱ्याच वर्षी मी ऑगस्टमध्ये बिग बाजारसारख्या ठिकाणचे भाव ऐकून, गाडीभाडं वाचेल म्हणून एकदम दहा किलो कणीक, पाच किलो रवा आणि तीन किलो पोहे आणले. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी प्रसादासाठी रवा काढला तर त्यात टोके चालत होते. कणकेचे गोळे झाले होते आणि वास धरला होता. शेजारच्या वयनी माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या चौकटीचं) सामान बांधता बांधता उठून आल्या, माझ्या हातातली चाळण घेतली आणि म्हणाल्या, "पावसात कोणी भरतात का गं? आम्ही मे महिन्यात भरतो." मग त्यांनी मला पुरुमेंत समजावलं. पावसाळ्याची बेगमी म्हणजे पुरुमेंत. मिरच्या, चिंच, सोलं, कांदे, सुकी मासळी, उकडे तांदूळ, सगळं मे महिन्यात कडक उन्हं दाखवून बंद डब्यांत भरायचं. मडगावला तर त्यासाठी पुरुमेंताचं फेस्त, म्हणजे जत्रा, भरतं.

तेव्हापासून माझं मोठं सामान एप्रिल-मेमध्ये येतं, मग ते फोनवरून मागवलेलं असो की बाजारातून आणलेलं. तांदूळ, डाळी, मिरच्या, हळद त्या वेळी. जूनपासून रवा-कणीक एकेक किलो, लागेल तशी. पावसात ॲपवर कितीही सवलत दिसली तरी पीठ, पोहे, पापड, मसाले मोठ्या मापात घेऊ नका. साबण, टूथपेस्ट, भांडी, चादरी घ्यायच्या तर सेलमध्ये जरूर घ्या. पार्सल ओलं आलं तर दारातच फोटो काढा, आणि महागाची वस्तू असेल तर पाकीट उघडताना सलग व्हिडिओ करा. एकदा मला इस्त्रीच्या जागी दुसरीच स्वस्तातली वस्तू आली होती, त्या व्हिडिओमुळेच पैसे परत मिळाले. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.

ताजं मात्र फोनवर घेऊ नका. फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे गावोगाव आहेत. तिथं सवलतीचे दर फलकावर लिहिलेले असतात आणि कुठलंही कार्ड दाखवावं लागत नाही. कांदे, बटाटे, टोमॅटो तिथूनच. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार एकदा तरी सकाळी लवकर जाऊन बघा. आगशीची वांगी आणि मोयऱ्याची केळी कुठल्या ॲपवर शोधू नका. मासे खात असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा मासळीचे भाव चढतात. त्या दोन महिन्यांत फोनवरून गोठवलेली मासळी मागवण्यापेक्षा डाळीची आमटी आणि सुकी मासळी हा इथला रिवाज स्वस्त आहे. सकाळी पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू वाजला की दारात जा, पोळी (इथला एक पाव) घ्या. पाकिटातल्या ब्रेडपेक्षा ती ताजी, आणि माणूसही ओळखीचा होतो.

बिलांचं थोडक्यात. खोली ठरवण्याआधी घरमालकाकडून विजेचा ग्राहक क्रमांक मागून घ्या आणि पैसे भरायच्या ॲपमध्ये घाला. आधीच्या भाडेकरूची थकबाकी असेल तर तिथंच दिसते. राहायला गेल्या दिवशी मीटरचा फोटो काढा. गॅस जोडणी गावाकडची असेल तर तिथल्या एजन्सीकडून ट्रान्सफर व्हाउचर घेऊनच निघा. नसेल तर सुरुवातीला पाच किलोचा लहान सिलिंडर मिळतो, त्याला इथल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. अन्नसुरक्षा योजनेत नाव असेल तर महाराष्ट्राचं रेशनकार्ड इथं चालतं. जानेवारी २०२० पासून गोवा 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेत आहे. रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी 'जनऔषधी सुगम' हे ॲप घ्यावं. औषधाचं मूळ नाव टाकलं की जनऔषधी केंद्रातला भाव आणि जवळचं केंद्र दिसतं. माझ्या सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आम्ही डॉक्टरांना विचारून तिथून घ्यायला लागलो आणि औषधांचा खर्च निम्म्याहून कमी झाला.

फ्रीज, पंखा, एसी घेताना तारे मोजून थांबू नका, लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा असतो तो बघा. एसी २४ अंशांवर ठेवून पंखा लावा. कपाट, पलंग, टेबल नवं घेऊच नका. इथं नोकरदार माणसं सतत येतात-जातात आणि चांगलं सामान अर्ध्या किमतीत विकतात.

पण तिथंच फसवणूकही होते. पैसे मिळवण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. समोरचा "मी लष्करात आहे, बदली झाली, आधी थोडे पाठवा" म्हणाला तर फोन ठेवा. घर न बघता टोकन देऊ नका, फोटो कितीही सुंदर असोत. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल" असा निरोप आला तर त्यातल्या क्रमांकावर फोन करू नका. पैसे गेलेच तर लाजू नका, कुणाला विचारत बसू नका, तिथल्या तिथं सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पहिला तास फार मोलाचा असतो, पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी ते थांबवता येतात. आमच्या वाड्यावरच्या एका मुलीनं रडण्यात रात्र घालवली आणि सकाळी फोन केला, तोवर खातं रिकामं झालं होतं.

शेवटी आमच्या चार घरांच्या गटाबद्दल. महिन्याच्या २५ तारखेला आम्ही व्हॉट्सॲपवर आपापली यादी टाकतो. जे चौघींना लागतं ते एकाच ऑर्डरमध्ये जातं, डिलिव्हरीचे पैसे वाचतात, आणि मे महिन्यात तांदळाची पोती वाटून घेता येतात. पैसे त्याच दिवशी एकमेकींना पाठवायचे हा नियम पहिल्या दिवशी ठरवला, म्हणून इतकी वर्षं कुरकुर झाली नाही. तुमच्या वाड्यावर असा गट आहे का ते पसरकाराला विचारा, त्याला माहीत असतं. नसेल तर शेजारच्या एकाच घरापासून सुरू करा, आणि पहिली यादी पाठवायच्या आधी त्यांच्याकडे चहाला जाऊन या.