लांब पल्ल्याच्या टॉर्चची तुलना कशी करावी: एकूण उजेड आणि झोताचे अंतर

लांब पल्ल्याची टॉर्च निवडताना बहुतेकांची नजर आधी खोक्यावरच्या ल्युमेनच्या आकड्यावर जाते. पण झोत किती दूर जाईल, हे त्या एकट्या आकड्यावरून ठरवता येत नाही. टॉर्चमधून बाहेर पडणारा सगळा प्रकाश मिळून ल्युमेन होतात, तर तो प्रकाश एका दिशेला किती एकवटला आहे, हे कॅन्डेलावरून कळते. म्हणूनच काही हजार ल्युमेनची पसरट झोताची टॉर्च दोनतीनशे मीटरवर संपते, आणि लेझरने फॉस्फर (प्रकाश पडल्यावर स्वतः चमकणारा पदार्थ) उजळवणाऱ्या एलईपी टॉर्च अवघ्या ५०० ल्युमेनच्या आसपास असूनही एक किलोमीटरपलीकडचा पल्ला नोंदवतात.

१. आधी खोक्यावरचे आकडे ताडून पाहा

२००९ मध्ये आलेल्या एएनएसआय एफएल-१ या टॉर्चसाठीच्या अमेरिकी मानकानुसार, ज्या अंतरावर झोताचा उजेड ०.२५ लक्सवर (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे माप) येतो, ते त्या टॉर्चचे झोत-अंतर मानले जाते. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याइतका हा उजेड असतो. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचे वर्गमूळ काढावे आणि दुप्पट करावे. ९०,००० कॅन्डेलाचे वर्गमूळ ३००, म्हणून अंतर ६०० मीटर. खोक्यावर कॅन्डेला आणि अंतर दोन्ही छापलेले असतील आणि ते या सूत्रात बसत नसतील, तर त्यावरच्या इतर दाव्यांवरही विसंबू नये. याच सूत्रातून आणखी एक गोष्ट निघते: अंतर दुप्पट हवे असेल तर कॅन्डेला चौपट लागतात. त्यामुळे १०-१५ टक्के जास्त कॅन्डेलासाठी जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही.

२. दोन्ही टॉर्चना सारखी संधी द्या

सेल पूर्ण चार्ज केलेले आणि उत्पादकाने सुचवलेल्या प्रकारचेच असावेत, काच स्वच्छ असावी आणि दोन्ही टॉर्च सर्वांत प्रखर पातळीवर असाव्यात. मोजणी करताना झोताच्या वाटेत माणूस, आरसा किंवा वाहनाचा रस्ता येणार नाही याची खात्री करून घ्यावी. इतका एकवटलेला प्रकाश जवळून डोळ्यांत जाणे धोक्याचे आहे.

३. कॅन्डेला स्वतः मोजा

हे काम सर्वांत मोलाचे असल्याने त्याला पुरेसा वेळ द्यावा. अंधाऱ्या, लांब जागेत टॉर्च स्टँडवर पक्की बसवावी, कारण हातात धरल्यास लक्समीटरचा आकडा सतत नाचत राहतो. बरोबर १० मीटरवर लक्समीटरचा पांढरा घुमट टॉर्चकडे वळवून धरावा, झोताच्या मधल्या प्रखर ठिपक्यात तो हळूहळू सरकवावा आणि सर्वांत मोठा आकडा टिपावा. त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे १०० ने गुणावे: ९०० लक्स आले तर ९०,००० कॅन्डेला. मग हीच मोजणी ५ मीटरवरून करून आलेल्या लक्सला २५ ने गुणावे. दोन्ही उत्तरे जवळपास सारखी आली तर मोजणी पक्की. ५ मीटरचे उत्तर बरेच कमी आले, तर झोत तिथे पुरता जमून आलेला नाही असे समजावे आणि २० किंवा ३० मीटरवरून पुन्हा मोजावे. मोठ्या रिफ्लेक्टरच्या टॉर्चबाबत असे हमखास घडते. मोबाइलच्या सेन्सरवर खरा आकडा मिळेलच असे नाही. मात्र त्याच मोबाइलने, त्याच जागी दोन्ही टॉर्च मोजल्यास कोणती सरस, याचा ढोबळ अंदाज येतो.

४. तीच मोजणी काही मिनिटांनी पुन्हा करा

मानकानुसार उजेडाचा आकडा टॉर्च लावल्यानंतर ३० सेकंद ते २ मिनिटे या काळातला असतो. त्यानंतर टॉर्च तापते आणि आतले सर्किट उजेड उतरवते. म्हणून ३० सेकंद, ३ मिनिटे आणि १० मिनिटे अशा तीन नोंदी घ्याव्यात. उजेड एक चतुर्थांशावर आला तर पल्ला निम्मा होतो. माझ्या मते दहाव्या मिनिटाचा आकडाच निर्णायक मानावा, कारण प्रत्यक्ष वापर त्याच उजेडात होतो. खोक्यावरचा चालण्याचा कालावधीदेखील उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, पूर्ण प्रखरतेचा नव्हे.

५. एकूण उजेड छतावरून जोखा

ल्युमेन अचूक मोजायला प्रयोगशाळेतला पोकळ गोल लागतो. तुलनेसाठी पांढऱ्या छताची लहान खोली पुरते. टॉर्च छताकडे रोखून उभी करावी, लक्समीटर बाजूला जमिनीवर ठेवावा आणि दोन्ही टॉर्चच्या आकड्यांचे गुणोत्तर काढावे.

६. शेवटी मोकळ्या जागेत पाहा

०.२५ लक्समध्ये दूरवरची वस्तू ओळखू येणे कठीण असते. निम्म्या अंतरावर उजेड चौपट, म्हणजे १ लक्स मिळतो. म्हणून छापील अंतराचा अर्धा भागच उपयोगाचा धरावा, आणि धूळ किंवा धुके असेल तर त्याहूनही कमी. कडेचा उजेड फार असेल तर जवळचे गवत आणि फांद्या झगझगतात व दूरचे दिसेनासे होते. ही उणीव मीटरवर कळत नाही. तुलनेसाठी फोटो काढायचे असतील, तर आयएसओ, शटर, ॲपर्चर आणि व्हाइट बॅलन्स हाताने एकदाच ठरवून दोन्ही फोटोंसाठी तसेच ठेवावेत. स्वयंचलित कॅमेरा मंद झोत उजळवतो आणि प्रखर झोत दाबतो, त्यामुळे फरक दिसतच नाही.